गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास: ९२ टक्के या आकड्यात काय होतं?

जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लिहिणारे होते डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी. अभ्यास गडचिरोली जिल्ह्यातल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांतला. ६५० बायकांची तपासणी झाली होती आणि त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार यांपैकी निदान एक तरी होता. सरासरी काढली तर एकेका बाईच्या वाट्याला ३.६ आजार येत होते.

हा आकडा नंतर इतक्या ठिकाणी उद्धृत झाला, की तो कसा निघाला हे बहुतेकांच्या लक्षातच राहिलं नाही. सार्वजनिक आरोग्यावरच्या भाषणांत तो अजूनही येतो. ऐकणारे हळहळतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. माझ्या मते या निबंधात ९२ पेक्षा जास्त बोलणारे दोन आकडे आहेत आणि ते सहसा कुणी सांगत नाही. त्यासाठी हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं.

आधी काय होतं

गडचिरोली जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरचे दोन भाग करून. जंगल, धानाची शेती, तेंदूपत्ता, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ, अभय बंग फिजिशियन. दोघांचं शिक्षण नागपूरचं. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम त्यांनी गडचिरोलीत सुरू केलं.

त्या काळी सरकारी यंत्रणेच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनं राजकारण्यांचे हात पोळले होते. त्यानंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं नाव काढायला कुणी धजेना आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला. नर्सबाईला वर्षाचं टार्गेट असे. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, बाळंतपणाची नोंद करायची, दोन-तीन मुलं झाली की तिला ऑपरेशनच्या शिबिराला न्यायचं. मधल्या वर्षांत तिच्या अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, पाळीत हाल होत असतील, नवऱ्याजवळ जाताना वेदना होत असतील, तर त्यासाठी उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता.

स्त्रीरोगांची आकडेवारी नव्हती असं नाही. पण ती रुग्णालयांची होती. दवाखान्यात आलेल्या शंभर बायकांपैकी इतक्यांना अमुक आजार, अशा प्रकारची. जी बाई दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही ती या हिशेबात येणार कुठून? गावातल्या एकूण बायकांपैकी किती जणी आजारी आहेत, हा प्रश्न विकसनशील देशांतल्या ग्रामीण भागात तोवर कुणी तपासून पाहिला नव्हता. या प्रकारचा हा पहिला लोकसंख्या-आधारित अभ्यास, असं लेखकांनी निबंधात म्हटलं आहे.

अभ्यास कसा झाला

पद्धत सांगायला सोपी होती. गाव निवडायचं आणि गावातल्या सगळ्या वयात आलेल्या मुली-बायकांना तपासणीचं आमंत्रण द्यायचं. तक्रार असो वा नसो. लग्न झालेली, न झालेली, विधवा, म्हातारी, सगळ्या. प्रत्येकीची मुलाखत, मग अंगाची तपासणी, आतून तपासणी, मग प्रयोगशाळेतल्या चाचण्या.

करायला मात्र ही महाकर्मकठीण गोष्ट. बाळंतपणाखेरीज कुणापुढे कधी असं निजावं लागलेलं नाही, अशा बाईला ‘तुला काही होत नसलं तरी ये, आतून तपासू’ म्हणायचं. गावातल्या पुरुषांचा होकार लागतो. घरच्यांचा लागतो. शेवटी तिचा स्वतःचा. आज कुठल्याही नैतिकता समितीपुढे हा प्रस्ताव गेला तर अर्धा दिवस चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. इथे गावानं आधी हो म्हटलं, तपासणारी डॉक्टर बाई होती आणि त्याच भागात राहून उपचार करणारी होती. या तीन गोष्टींवाचून हा अभ्यास झालाच नसता. नमुना कसा निवडला, चाचणी कोणती वापरली, हे शोधनिबंधांत छापलं जातं. बाई त्या टेबलापर्यंत का आली, हे छापायला जागा नसते.

तरीही सगळ्या आल्या नाहीत. आमंत्रितांपैकी सुमारे ५९ टक्के सहभागी झाल्या.

इथे संशोधनाची सवय असलेला वाचक लगेच थांबेल. ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील, मग ९२ हा आकडा फुगलेला नाही का? असू शकतो. एक साधा हिशेब करून पाहू. आमंत्रण दिलेल्या शंभर बायका धरा. ५९ आल्या, त्यांतल्या ९२ टक्के म्हणजे ५४ आजारी निघाल्या. न आलेल्या ४१ जणी सगळ्याच्या सगळ्या ठणठणीत होत्या असं मानलं, जे अशक्यच आहे, तरी गावातल्या निम्म्याहून जास्त बायका आजारी ठरतात. म्हणजे ९२ वर वाद घालता येतो, पण प्रश्न मोठा आहे यावर नाही.

आकड्याच्या पोटात

आता आजार म्हणजे काय मोजलं ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

एकूण आजारांपैकी निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. त्यातही सगळे संसर्ग एका जातीचे नाहीत. काही लैंगिक संबंधातून येतात: ट्रायकोमोनास, गरमी, परमा. काही बाईच्या स्वतःच्या शरीरातल्या जंतूंचा समतोल बिघडल्यानं होतात. योनीमार्गात एरवी लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात. ते आम्लता राखतात आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. ते कमी झाले की दुसरे जंतू माजतात, स्राव वाढतो, त्याला माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. यात नवऱ्यानं बाहेरून काही आणलं असं समजण्याचं कारण नसतं. कॅन्डिडा ही बुरशी, तिचंही तेच. गडचिरोलीत या दुसऱ्या प्रकारचे संसर्ग भरपूर होते आणि परमा अगदी नगण्य. ‘९२ टक्के बायकांना लैंगिक आजार’ असं वाक्य कुठे वाचलंत तर ते चूक आहे. ‘स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार’ यातला ‘किंवा’ तिथे गळालेला असतो.

दुसरी गोष्ट गर्भाशयमुखाच्या ‘इरोजन’ची. निबंधात जवळपास निम्म्या बायकांमध्ये ते नोंदलं आहे. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत तो आजारच होता. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूचं लालसर, नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला दिसायला लागतं, म्हणून ते सोललेल्या जखमेसारखं वाटतं. प्रत्यक्षात तिथे जखम नसते. वयात येताना, गरोदरपणात, संततिनियमनाच्या गोळ्या घेताना हे होतं, आणि बहुतेक वेळा ते शरीराचं नेहमीचंच रूप असतं, असं आता मानलं जातं. म्हणजे आजच्या व्याख्या लावल्या तर ९२ मधला काही भाग गळून जाईल. यात लेखकांचा दोष नाही. १९८९ चं वैद्यकशास्त्र जे सांगत होतं तेच त्यांनी मोजलं. पण हा ‘जखमे’चा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो वाईट रूपात परत येतो.

कुटुंबनियोजनाच्या साधनांचाही प्रश्न होता. बायकांनी वापरायच्या पद्धती आणि स्त्रीरोग यांचा संबंध अभ्यासात दिसला. मात्र एकूण आजारांचा फार थोडा भाग त्यातून उलगडत होता, हेही लेखकांनी स्पष्ट लिहिलं. तांबी किंवा ऑपरेशनवर सगळं खापर फोडण्याचा मोह त्यांना सहज झाला असता, कारण तेव्हाच्या कुटुंबनियोजनाच्या कारभारावर टीका करणारे पुष्कळ होते आणि त्यांना असा पुरावा हवाच होता. लेखकांनी तो दिला नाही. निबंधावर माझा विश्वास बसतो तो अशा जागी.

मला महत्त्वाचे वाटणारे ते दोन आकडे आता सांगतो. पहिला ५५. तपासलेल्या बायकांपैकी ५५ टक्क्यांनी तक्रार सांगितली, ४५ टक्के म्हणाल्या आम्हाला काही होत नाही. दुसरा ८. आयुष्यात यापूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झाली होती अशा बायका फक्त ८ टक्के.

हे दोन्ही ९२ शेजारी ठेवून वजाबाकी करा. ९२ मधून ५५ गेले तर ३७. शंभरातल्या किमान ३७ जणींना आजार होता आणि तक्रार नव्हती. ५५ मधून ८ गेले तर ४७. शंभरातल्या किमान ४७ जणींना त्रास होत होता, तो त्या विचारल्यावर सांगतही होत्या, पण त्यांना आजवर कुणी तपासलंच नव्हतं. लाजतात म्हणून सांगत नाहीत, ही समजूत इथे कोलमडते. त्यांनी सांगितलं. विचारणारी बाई होती आणि ऐकून घेऊन ती पुढे काही करणार होती, म्हणून सांगितलं. त्याच बायकांना ऑपरेशनसाठी शिबिरात न्यायला सरकारी गाडी मात्र दारात येत होती.

ही स्थिती मागच्या शतकातली म्हणून सोडून द्यावी, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) समोर येते. ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी चाचणी झालेल्या १.९ टक्के. प्रश्न निराळा आहे, गडचिरोलीच्या ८ शी त्याची थेट तुलना होत नाही. तरी आतून तपासणी ही आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्यसेवेत अजून बसलेली नाही, एवढं त्यावरून कळतं.

पुढे काय झालं

निबंधाचा शेवट एका मागणीनं होतो: ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत स्त्रीरोग आणि लैंगिक आजारांवरचे उपचार असले पाहिजेत. आज हे वाक्य कुणाला खटकणार नाही, पण १९८९ मध्ये ते चालू धोरणाच्या विरोधात जाणारं होतं.

जगभर तेव्हा वारं बदलत होतं. १९९३ मध्ये इजिप्तमधल्या गीझा भागातल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५०९ बायका, त्यांतल्या ५२ टक्क्यांना जननमार्गाचा संसर्ग, ५६ टक्क्यांचं अंग बाहेर आलेलं. नाईलकाठच्या गावांची कहाणी वैनगंगेकाठच्या गावांपेक्षा फार वेगळी निघाली नाही. १९९४ मध्ये कैरोत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद झाली आणि ‘लोकसंख्या नियंत्रणा’च्या जागी ‘प्रजनन आरोग्य’ हा विचार मांडला गेला. त्या चर्चांमध्ये गडचिरोलीचा दाखला वारंवार दिला जात होता. भारतानं एप्रिल १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची टार्गेटं कागदावर तरी रद्द केली आणि १९९७ मध्ये प्रजनन आणि बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला.

इथवर गोष्ट छान आहे. गाडी घसरते ती यानंतर.

प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक असला तर तंत्रज्ञ नाही. मग संसर्ग ओळखायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेनं उपाय काढला तो लक्षणांवरून उपचारांचा. बाई म्हणाली पांढरं जातं, की ठरलेल्या तक्त्याप्रमाणे त्या लक्षणाच्या सगळ्या शक्यतांवर एकदम औषध द्यायचं. एड्सच्या भीतीनं या पद्धतीला जोर दिला. टांझानियातल्या म्वांझा भागात लैंगिक आजारांवरचे उपचार सुधारल्यावर एचआयव्हीचे नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं यासाठी रंगीत किट काढली: हिरवं योनीमार्गाच्या दाहाचं, करडं गर्भाशयमुखाच्या दाहाचं आणि परम्याचं, पिवळं ओटीपोटाच्या दुखण्याचं. सरकारी दवाखान्यांत ही किट अनेक वर्षं वापरात आहेत.

पुरुषाच्या लिंगातून पू येत असेल तर ही पद्धत चांगली चालते. बाईच्या स्रावाला मात्र ती फारशी लागू पडत नाही, आणि ते गडचिरोलीच्या आकड्यांतच लिहून ठेवलेलं होतं. तक्रार नसलेल्या ३७ जणी या तक्त्यात कधीच येणार नाहीत. तक्रार असलेल्यांपैकी अनेकींना समतोल बिघडल्याचा संसर्ग असेल, काहींचा स्राव तर पाळीच्या मधल्या दिवसांतला नेहमीचाच असेल; तरी त्यांना लैंगिक आजाराचं औषध मिळणार, वर ‘नवऱ्यालाही द्या’ असा निरोप. सासूसमोर, नवऱ्यासमोर त्या निरोपाचा अर्थ काय होतो हे तक्ता करणाऱ्यांना सांगायला कुणीतरी वासा-अमिर्झातली बाई त्या बैठकीत हवी होती.

या प्रश्नाची दुसरी बाजू गोव्यानं दाखवली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी २००१ नंतर उत्तर गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात १८ ते ४५ वयाच्या २,४९४ बायकांचा अभ्यास केला. चाचण्या गडचिरोलीपेक्षा खूप अचूक, काही तर रेण्वीय पद्धतीच्या, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या. जननमार्गाचा संसर्ग २८.३ टक्क्यांना सापडला आणि लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग एकूण बायकांपैकी सुमारे ४ टक्क्यांना. पण खरा शोध वेगळाच होता. ज्या बायका पांढरं जाण्याची तक्रार करत होत्या त्यांच्या तक्रारीचा मानसिक अस्वास्थ्याशी आणि अंगभर जाणवणाऱ्या इतर दुखण्यांशी असलेला संबंध संसर्गापेक्षा जास्त ठळक निघाला. कंबर दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही आणि अंगावरून जातं, हे सगळं बाई एका दमात सांगते तेव्हा डॉक्टर शेवटचं ऐकून किट देतो.

म्हणून गडचिरोली चूक आणि गोवा बरोबर, असा निकाल काढणारे भेटतात. तो निकाल टिकत नाही. एका ठिकाणी सगळे स्त्रीरोग मोजले, दुसरीकडे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संसर्ग. मधे पंधराएक वर्षं गेली. आणि साक्षरता, दवाखाने, रस्ते यांत गोवा आणि गडचिरोली एका देशात आहेत यावर विश्वास बसू नये इतका फरक. दोन्ही अभ्यास मिळून एकच सांगतात: बाईची तक्रार आणि तपासणीत सापडणारा आजार ही वेगवेगळी माहिती आहे, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की चूक होते.

ही चूक किती महागात पडते ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये ओरड झाली आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. कारणं पुष्कळ आहेत: पाळीत कामावर खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडात पाणी नाही, आडोसा नाही, कोवळ्या वयात लग्नं आणि बाळंतपणं. पण दवाखान्यात घडणारा प्रसंग बायकांनी सांगितला तो ठरावीक आहे. अंगावरून जातं, पोटात दुखतं म्हणून बाई जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.’ तीच ती जखम. गडचिरोलीच्या निबंधात ती मोजली गेली होती, प्राथमिक केंद्रात साध्या उपचारांची सोय व्हावी म्हणून. ती सोय झाली नाही आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत शस्त्रक्रियेचं दुकान उभं राहिलं.

ज्यांना तपासलं नाही ते

अभ्यास बायकांचा होता, त्यामुळे नवऱ्यांची तपासणी त्यात नाही. निबंधाच्या मर्यादेत हे योग्यच. ६५० बायकांची आतून तपासणी हेच अवाढव्य काम होतं. पण ट्रायकोमोनाससारखा जंतू पुरुषाच्या अंगात बहुधा काही लक्षण न दाखवता राहतो. बाईला गोळ्या दिल्या, ती बरी झाली, नवरा तसाच राहिला, की महिन्याभरात पुन्हा तेच. त्याला स्वतःला काही होत नसल्यामुळे तो औषध घ्यायला तयार नसतो.

पुरुषांच्या बाजूचं काम नंतर मुंबईत झालं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतले रवी वर्मा आणि अमेरिकेतले स्टीफन शेन्सुल यांच्या गटानं २००० नंतरच्या दशकात ईशान्य मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये विवाहित पुरुषांना त्यांच्या लैंगिक तक्रारी विचारल्या. पुरुष मोकळेपणानं बोलले, आणि ते संसर्गाबद्दल फारसं बोललेच नाहीत. कमजोरी, धात जाणं, लवकर आटोपणं, ही त्यांची ‘गुप्तरोगा’ची यादी. सरकारी दवाखाना यातल्या कशालाच आजार मानत नव्हता, म्हणून हे पुरुष गल्लीतल्या वैद्य-हकिमांकडे जात होते. संशोधकांनी मग त्या वस्त्यांमधल्या आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाच प्रशिक्षण दिलं: कमजोरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला झिडकारू नका, त्या निमित्तानं बायकोबरोबरच्या संबंधांबद्दल, दारूबद्दल, बाहेरच्या संबंधांबद्दल विचारा आणि गरज असेल तर तपासणीला पाठवा.